साहेबासाठी चार जुड्या

ऊन तापलं आणि मांडवावर गांधीलमाश्या आल्या. दरवर्षी येतात. मागच्या दारी केळी सोलून पसरलीत हे त्यांना कुणी कळवत नाही, तरी बरोबर येतात आणि हक्काने बसतात. मी फडका मारतो, त्या उठतात, परत बसतात. आमचं हे दिवसभर चालतं.

आमच्या भुईगावात पाऊस सरला की सुकेळ्यांचा हंगाम लागतो. राजेळी केळीचे घड उतरवायचे, पेंढ्यात दाबून पिकवायचे, साल काढायची आणि छातीइतक्या उंच बांबूच्या मांडवावर एकेक केळं सुटं सुटं पसरायचं. आठवडाभर ऊन द्यायचं. संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून कापडाखाली झाकायची, सकाळी उलटून परत पसरायची. केळं आक्रसतं, मधाच्या रंगाचं होतं, आणि मग सुकलेल्या केळीच्या पानात गुंडाळून, केळीच्याच सोपाने, खोडाच्या दोरीने, आवळून त्याच्या जुड्या बांधायच्या. ऐकायला सोपं आहे. एक दिवस आभाळ आलं की सगळा माल काळा पडतो. हे काम बायकांचं. आमच्या घरी नातालीन करायची, माझी बायको. ती दोन पावसांपूर्वी गेली. म्हणून आता मी करतो आणि वाईट करतो. माझ्या जुड्या सैल पडतात. गिऱ्हाईक तोंडावर बोलत नाही, पण जुडी हातात घेऊन दाबून बघतं, तेवढ्यात मला कळतं.

मागच्या रविवारी माझा मुलगा आला, फेलिक्स. बोरिवलीला राहतो, एका कंपनीत कारकून आहे. मांडवाशी उभा राहिला आणि म्हणाला, “बाबा, या वर्षी चार जुड्या जास्तीच्या बांधा. चांगल्यातल्या.”

“कुणाला?”

“साहेबांना. कंपनीत माणसं कमी करणार म्हणतायत. कुणाला ठेवायचं ते साहेब ठरवणार.”

माझ्या हातात अर्धं सोललेलं केळं होतं. ते मुठीतच कुस्करलं. गर बोटांतून खाली आला. त्याला वाटलं हात थरथरला, म्हातारा झालो. “बसा बाबा तुम्ही,” म्हणाला. मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो असतो, आणि त्या दिवशी बोललो असतो ते त्याला आयुष्यभर लागलं असतं. मी म्हटलं, पुढच्या रविवारी ये. तो खूश होऊन गेला. त्याला वाटलं, मी हो म्हटलं.

रागाचं पाप होतं असं फादर सांगतात. फादरांना कुणी नोकरीवरून काढत नाही.

मी चौथी शिकलो. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो, ती इथे लिहिली तर अर्ध्या लोकांना कळणार नाही, म्हणून जमेल तसं पुस्तकातलं लिहितो. माझी उमेदीची वर्षं अंधेरीच्या बाजूच्या एका कारखान्यात गेली. पंखे व्हायचे तिथे, छताला टांगायचे. माझं काम पात्यांचं. तीन पाती एका वजनाची लागतात. एक जरी जड निघालं तर पंखा डुलत फिरतो, आवाज करतो, खालच्या माणसाला झोप लागू देत नाही. मी पाती तोलून तीन-तीनची जुळणी लावायचो, पंखा फिरवून बघायचो, डुलला तर कुठे भार द्यायचा ते बघायचो. दिवसभर मान वर. आजही कुणाच्या घरी गेलो तर मी आधी छताकडे बघतो, मग माणसांकडे. नातालीन म्हणायची, “माझ्याकडे कधी बघितलंस की नाही? की मी छताला लटकले तरच बघणार?”

त्या कारखान्यात वसईची बरीच माणसं होती. आमची भुईगावची, उमेळ्याची, पाचूबंदरचे दोघेतिघे कोळी. आणि आमच्यात एक चाल पडलेली. हंगाम आला की साहेबाला सुकेळ्यांची जुडी न्यायची. कुणी सुरू केली ठाऊक नाही. आमच्याकडे पाहुणा आला, डॉक्टर आला, मास्तर आला, तर वाडीतलं काहीतरी हातात दिल्याशिवाय पाठवत नाहीत. तीच सवय आम्ही कारखान्यात नेली. बाकीच्या गावांची माणसं असं करत नव्हती. आम्हीच. आम्हाला वाटायचं साहेब म्हणजे दारात आलेला पाहुणा. पाहुणा तो नव्हता. त्याच्या दारात आम्ही होतो.

साहेबाच्या खोलीत टेबलाला टेकवून जुड्या उभ्या असायच्या. एक वर्ष त्याने मला थांबवलं. वाटलं, कामाचं काही असेल. म्हणाला, “या वेळची जरा कडक होती. मिसेस म्हणत होत्या.” मी घरी येऊन नातालीनला सांगितलं. ती मांडवाशी होती. ऊन असं की तिच्या कपाळावरचा घाम केळ्यावर पडू नये म्हणून ती मान वाकडी करून उलटत होती. ती म्हणाली, “मिसेसना सांग, चघळून खा. दात आहेत ना?”

आता मी ज्या हंगामाचं सांगतो, तेव्हा फेलिक्स शाळेत जात होता. त्या वर्षी पाऊस संपता संपता कारखान्यात एक टेम्पो यायला लागला. त्यातून तयार पाती उतरायची. कुठल्यातरी गाळ्यात बनवून आणलेली, स्वस्तात. माझ्या डोळ्यांसमोर उतरवायची आणि माझ्याच हाताने तोलायला द्यायची. मी काय आंधळा आहे? माझ्या शेजारची दोन यंत्रं ताडपत्रीने झाकली. कुणी काही बोललं नाही. ताडपत्री बोलली. चहाच्या टपरीवर एकच विषय. कोण जाणार, कोण राहणार. युनियनचा पुढारी गेटवर येऊन सांगून गेला, घाबरू नका, एकालाही हात लावू देणार नाही. त्याच्या हातातल्या सिगारेटचं पाकीट चांगल्यातलं होतं, एवढंच माझ्या लक्षात राहिलं.

मग जुड्यांची शर्यत लागली. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. पाचूबंदरच्या एकाने बर्फात घालून पापलेटं नेली. उमेळ्याचा भास्कर, माझ्या शेजारच्या बाकावरचा, माझा दोस्त, त्याने शहाळी, पानवेलीची पानं आणि सुकेळी अशी पाटीच बांधली आणि साहेबाच्या घरी नेऊन दिली. आल्यावर माझ्या कानात म्हणाला, “इनास, घरचा रस्ता सापडला की माणूस सुटतो. त्याच्या बायकोने मला पाणी दिलं.”

“पाणीच दिलं ना?”

“अरे, काचेच्या ग्लासात दिलं!”

मी हसलो नाही. मला त्याचा हेवा वाटला. सरळ सांगतो. त्या संध्याकाळी मी घरी येऊन नातालीनला म्हटलं, या वर्षी सगळ्यात चांगला माल बाजूला काढ.

ऑक्टोबर म्हणजे आमच्यात रोझरीचा महिना. संध्याकाळी घरोघर माळ म्हणतात. नातालीन सुकेळी झाकून तशीच माळेला बसायची. हात कितीही धुतले तरी सुकेळ्यांचा चिकटा जात नाही. तिच्या माळेचे मणी चिकट व्हायचे आणि सकाळी खुंटीवर माळेला मुंग्या लागलेल्या असायच्या. तिला त्याचं वाईट वाटायचं नाही. म्हणायची, देवाची आई मुंग्यांचीपण आई. त्या दिवशी माळ संपली, फेलिक्स झोपायला गेला, आणि ती मला म्हणाली, “माल कुणासाठी काढू?”

“ठाऊक आहे तुला.”

“एक सुकेळं जाणार नाही.”

“माझी नोकरी जाईल.”

“ती तर ताडपत्री पडली तेव्हाच गेली. तू सांगितलंस तेव्हा मला कळलं, तुला अजून कळलं नाही.” मग म्हणाली, “जुडीने नोकरी राहणार असेल तर ती जुडी नोकरी करते. तू काय करतोस?”

मी ओरडलो. भांडी आपटली. शेजारच्या घरातली माळ थांबली एवढा ओरडलो. ती सुपारी कातरत बसली. माझं संपल्यावर म्हणाली, “झालं? आता ऐक. तुला काय येतं?”

“पंखे येतात.”

“वसईत पंखे आहेत की नाहीत?”

“आहेत.”

“मग पुढच्या रविवारपासून निघ. नोकरी आहे तोवर लोकांची दारं वाजव. नोकरी आहे तोवर तू कारखान्याचा माणूस, लोक खुर्ची देतील. नोकरी गेल्यावर दार वाजवलंस तर तोच माणूस म्हणेल, आला बिचारा, द्या काहीतरी.”

शाळेत ती दुसरीपर्यंत गेली होती. ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या पोटावर पाय देणारे साहेब कॉलेजात जाऊन येतात. हे मी तिचं कौतुक म्हणून सांगत नाही. मला अजून चीड येते ती याची, की आम्हाला हे कुणी सांगायचंच नव्हतं. युनियनने नाही सांगितलं, शाळेने नाही, चर्चने नाही. बायकोला सांगावं लागलं, सुपारी कातरता कातरता.

तर तो हंगाम असा गेला. आठवड्याचे दिवस मी कारखान्यात मान वर करून. रविवारी चर्चात मिस्सा झाली की मी पिशवीत पाना, पेचकस, तेलाची बाटली घ्यायचो आणि ती माझ्यापुढे चालायची. मला लाज वाटायची. मी कुंपणाशी रेंगाळायचो. ती दारातून हाक मारायची, अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल अशी, “अहो मास्तर, तुमचा पंखा आवाज करतो ना? आमचा माणूस मुंबईच्या कारखान्यात पंखेच करतो. बघू द्या त्याला!” मास्तर म्हणायचे, पैसे किती? ती म्हणायची, “पहिला फुकट. दुसऱ्यांदा बिघडला तर मग बोलू.” बाहेर आल्यावर मी म्हणायचो, फुकट कशाला? तर म्हणायची, “अरे, पंखा फुकट. नाव विकत.”

गल्ल्यांत तेव्हा दोन्ही बाजूंना कुंपणं होती, जास्वंदीची, मेंदीची. उन्हात सुकणाऱ्या केळ्यांचा वास, किनाऱ्याकडून खारा वारा, कुणाच्या घरी रविवारचं मटण. स्टुलावर चढून मी पंख्याची पाती पुसायचो, वर्षांची धूळ डोळ्यांत जायची. खाली ती घरातल्या बाईशी गप्पा मारत असायची, कुणाची सोयरीक, कुणाची म्हैस. पंखा सुरू केला की घरातली सगळी माणसं एकदम वर बघायची. डुलायचा नाही. तेवढा एक क्षण मला आवडायचा. कारखान्यात माझ्या हातून एवढे पंखे गेले, एकाखालीही झोपलेलं माणूस मी बघितलं नव्हतं. पाचूबंदरला मासळीच्या लिलावाच्या जागेजवळच्या खोलीतला पंखा नीट केला, तर त्यांनी पैसे न देता बांगड्यांनी भरलेली पिशवी दिली. नातालीन म्हणाली, बघ, साहेब असा देतो का कधी?

आणि मग ती गेटवर आली.

पगाराचा दिवस होता, दिवाळीच्या तोंडावर. मी जेवणाच्या सुट्टीत बाहेर आलो तर टपरीच्या शेजारी, लाल चौकड्यांचं लुगडं नेसून, पुढ्यात पाटी घेऊन माझी बायको बसलेली. पाटीत जुड्या. जो चांगला माल मी बाजूला काढ म्हटलं होतं, तोच. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, “इथे काय करतेस?”

“धंदा. तू जेव जा. गिऱ्हाइकाच्या आड येऊ नको.”

माणसं घेत होती. पगार खिशात होता, दिवाळी होती, आणि ती मोकळ्या तोंडाने विकत होती. ज्यांना कधी साहेबाच्या टेबलाजवळ नुसता वास मिळाला होता, त्यांनी पहिल्यांदा सुकेळं चाखलं. मराठवाड्याकडचा एक हेल्पर होता, त्याने खाऊन विचारलं, “हे फळ कोणत्या झाडाला लागतं?” ती म्हणाली, “नवऱ्याच्या पगाराला. तो पुरला नाही की लागतं.” सगळे हसले.

तेवढ्यात साहेबाची गाडी गेटातून बाहेर आली आणि थांबली. ड्रायव्हर उतरला. “साहेबांनी दोन जुड्या मागितल्यात.”

तिने भाव सांगितला.

ड्रायव्हरला वाटलं, ऐकण्यात चुकलं. “अगं बाई, साहेबांना हव्यात.”

“ऐकलं मी. साहेबांचं तोंड वेगळं आहे का? त्याच तोंडाने खाणार ना?”

टपरीवर भास्करने चहाचा ग्लास खाली ठेवला. साहेबाने काच खाली केली, पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खांबासारखा उभा. तो तिला म्हणाला, “तू इनासची बायको ना?”

“इनास माझा नवरा आहे,” ती म्हणाली. “भाव तोच.”

त्याने खिशातून पैसे काढले. काय करतो, एवढी माणसं बघत होती. तिने उरलेले सुटे पैसे त्याच्या हातात मोजून दिले, एकही जास्त ठेवला नाही, आणि दोन जुड्या खिडकीतून दिल्या. वर म्हणाली, “साहेब, याची पाती तोलायची नजर इतकी वर्षं हेल्परच्या पगारात नेलीत. तेवढं फुकटात पुरे.”

काच वर गेली. गाडी गेली. ती पदराने तोंड पुसत मला म्हणाली, “जेवलास का?”

नोटीस नाताळच्या आधी लागली. गेटच्या आत, फळ्यावर. त्यात माझं नाव होतं.

सगळे म्हणाले, तुझ्या बायकोच्या तोंडाने गेली. माझ्या भावाने सांगितलं, चर्चच्या पायरीवर बायकांनी सांगितलं. अजून एखादा म्हातारा भेटला की सांगतो. म्हणून मी आता मोठ्याने सांगतो, ऐका. माझ्या नावाच्या वर भास्करचं नाव होतं. काचेच्या ग्लासातून पाणी प्यालेल्या भास्करचं. त्याच्या वर पापलेटवाल्याचं. वसईच्या सगळ्या माणसांची नावं होती, जुडी देणाऱ्यांची, पाटी देणाऱ्यांची, घरी नेऊन देणाऱ्यांची. आमची सुकेळी खाल्ली, पापलेटं खाल्ली आणि तोंड पुसून नावं लिहिली. राग त्याचा येतो. उपकार म्हणून नाही, पण खाल्ल्या अन्नाची म्हणून काही शरम? माझ्या बायकोने निदान पैसे घेतले. त्या दोन जुड्या तरी त्याने हरामाच्या खाल्ल्या नाहीत.

आणि तो शब्द! “कमी केलं.” आमटीत मीठ कमी करतात. माणूस कसा कमी करतात? मी घरी आलो तेव्हा होतो तेवढाच होतो. तेवढंच खायला लागत होतं. फेलिक्सची फी तेवढीच होती.

पुढचं सगळं गोड झालं असं कुणी समजू नये. मी सुखाची गोष्ट सांगायला बसलो नाही. पंख्यांवर घर चालायला वेळ लागला. पावसाळ्यात पंखे कोण दुरुस्त करतो? पण दार वाजवल्यावर खुर्ची मिळाली, हे खरं. मास्तरांनी शाळेतले पंखे दिले, पाचूबंदरहून निरोप यायचे, उमेळ्याला बिल्डिंगी उभ्या राहायला लागल्या तशी कामं वाढली. आणि बाकीचं तिने ओढलं. मांडव एकाचे दोन केले, मग शेजाऱ्याचे घड विकत घेऊन तीन. पहाटे पाटी, दुपारी ऊन, संध्याकाळी झाकाझाक. साल काढून काढून तिच्या अंगठ्याचं नख कायमचं काळं झालं. मान वाकडी करून काम करायची, ती मान शेवटी सरळ झालीच नाही. कारखान्याने माझी नोकरी नेली एवढंच लोक हिशेबात धरतात. तिची मान कुणी धरत नाही.

ती इस्पितळात होती तेव्हा तिच्या खाटेच्या बरोबर वर एक पंखा होता आणि तो डुलत होता. एक पातं जड. मला दुसरं काही दिसेना. डॉक्टर काय बोलले ते माझ्या कानात शिरलं नाही. मी वॉर्डबॉयला म्हटलं, स्टूल दे, मी आत्ता नीट करतो. तो म्हणाला, आजोबा, हात लावायला परवानगी नाही. मी आवाज चढवला. नर्स आली. मी तिच्याशीही भांडलो. खाटेवरून नातालीनने माझा शर्ट ओढला. आवाज पार गेलेला तिचा. “राहू दे रे,” म्हणाली. “पैसे देणार आहेत का ते?”

त्यानंतर ती माझ्याशी फार बोलली नाही. तो पंखा अजून डुलत असेल.

बुधवारी भास्करकडे गेलो होतो. त्याने वाडी बिल्डरला दिली, तिथे चार मजली बिल्डिंग झाली, आणि त्यातलीच दोन खोल्यांची जागा त्याला मिळाली. त्याच्या पानवेली होत्या तिथे आता स्कूटर उभ्या असतात. त्याचा पंखा आवाज करत होता म्हणून बोलावलं होतं. मी स्टुलावर, तो खाली कॉटवर.

“भास्करा, तुझ्याकडे तर जमीन होती. का दिलीस?”

“नोकरी गेली आणि दुसरं काही सुचलं नाही,” तो म्हणाला. मग पेचकस माझ्या हातात देत, “तुझ्या बायकोने माझंही दार वाजवलं होतं. म्हणाली होती, भास्करभाऊ, पान विकायला बसा. मी म्हटलं, साहेब माझ्या ओळखीचा आहे.”

मी पंखा सुरू केला. तो गप्प फिरला. भास्कर वर बघत राहिला. निघताना त्याने पैसे पुढे केले. मी घेतले. दोस्त असला तरी घेतले. तो हसला, म्हणाला, “तिचाच नवरा तू.”

आज रविवार. मिस्सा आटपून फेलिक्स आला. इस्त्रीचा शर्ट, हातात रिकामी पिशवी. “बाबा, बांधल्यात का जुड्या?”

मी पेंढ्याच्या ढिगाकडे बोट दाखवलं. “तिथे पिकतायत. काढ आणि सोल.”

“बाबा, मला चारच्या गाडीने जायचंय.”

“बूट काढ.”

त्याने काढले. शर्टाच्या बाह्या वर केल्या. साल काढायला बसला तर नखाने केळं ओरबाडायला लागला. लहानपणी आईच्या मांडवाखाली खेळला, पण सोलायला कधी बसला नाही, आम्हीच बसू दिलं नाही. शिक म्हणालो, शिकून ऑफिसात बस म्हणालो. बसला. आता तिथूनही उठवतायत.

“आई असती तर मारलं असतं मला,” तो म्हणाला.

“मारलं नसतं. हसली असती. ते जास्त लागलं असतं.”

तो हसला आणि मग हसता हसता थांबला. हातात केळं तसंच. “बाबा, खरंच काढलं तर? दोन पोरं आहेत. खोलीचं भाडं आहे.”

त्याच्या तोंडावर मला माझं तोंड दिसलं, ताडपत्रीसमोर उभं असलेलं. माझा राग त्याच्यावरचा उतरला. बाकीचा होता तसाच आहे.

“काढायचं तर काढतील,” मी म्हटलं. “जुडी दिलीस तरी काढतील. खाऊन काढतील. तुला काय येतं?”

“टायपिंग. हिशेब. ऑडिटची कागदपत्रं.”

“वसईत आता केवढ्या बिल्डिंगी झाल्या. प्रत्येकीची सोसायटी. त्यांचे हिशेब कोण लिहितं?”

“असेल कुणीतरी.”

“भास्करच्या बिल्डिंगीत कुणी नाही. रोज भांडतात. पुढच्या रविवारी तिथून सुरू करू. पहिल्या वर्षाचे फुकट लिहून दे.”

“फुकट?”

“हिशेब फुकट. नाव विकत.” मग म्हटलं, “नोकरी आहे तोवरच यायचं. आणि तुला लाज वाटली तर कुंपणाशी उभा राहा. दारातून मी ओरडतो.”

त्याने पुढचं केळं घेतलं. ते जरा बरं सोललं. उन्हं कलली तेव्हा मांडवाची एक कड भरली होती आणि त्याचे हात कोपरापर्यंत चिकट झाले होते. रहाटाशी जाऊन धुतले, साबण लावला, परत धुतले. वास घेऊन बघितला.

“जात नाही.”

“जाणार नाही. उद्या ऑफिसात जाशील, साहेबाला वास येईल. विचारेल, काय रे फेलिक्स, सुकेळी आली वाटतं गावाहून? काय सांगशील?”

त्याने रिकाम्या पिशवीकडे बघितलं. ती घडी करून खिशात घातली.

“भाव सांगेन,” म्हणाला.

“कुठला?”

“आईचा.”

चारची गाडी गेलीच होती. मांडवावर गांधीलमाश्या परत येऊन बसल्या होत्या, हक्काने. मी फडका उचलला. त्याने आपला रुमाल काढला आणि दुसऱ्या बाजूने मारायला लागला.